जेवणानंतर तासाभरानं

काल आमच्या शेतात हळद शिजायला लागली. ज्या मोठ्या लोखंडी पिंपांत ती शिजवतात त्यांना आमच्याकडे कुकर म्हणतात. ते ट्रॅक्टरमागून येतात, विहिरीजवळ उभे राहतात, आणि मग चार-पाच दिवस सगळं रान त्यांच्या वाफेत बसून असतं. झाकण उघडलं की ओल्या मातीचा, थोडा कापरासारखा, थोडा कडवट असा वास उठतो. तो लुगड्यात बसतो, केसांत बसतो, भाकरीच्या पिठातसुद्धा जातो. या दिवसांत नरसीकडून हिंगोलीकडे येताना सगळ्या रस्त्याला हाच वास असतो.

आज सकाळी तो नाकात गेला आणि मी चुलीपुढं तशीच बसून राहिले. दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवला. गेल्या वर्षी याच वासानं मी हातातलं काम टाकून उठले होते. यंदा तसं झालं नाही. नुसतं आठवलं, आणि आठवून झाल्यावर मी चहाचं आधण ठेवलं.

चहाबद्दल मला सगळं कळतं, असं मी त्या हंगामापर्यंत समजत होते. कारण माझं माहेर कनेरगाव नाक्याचं. तिथं माझ्या वडिलांचं, बापूंचं, रस्त्याकडेला चहाचं हॉटेल होतं. चार बाकडी, पत्र्याचं छप्पर आणि समोर वाशीमकडं जाणाऱ्या गाड्या. शाळेतून आले की मी दप्तर ठेवून भट्टीजवळ बसायची. आलं ठेचायचं काम माझं. बापू भुकटी चमच्यानं नव्हे, चिमटीनं मोजायचे. पाण्याचा आवाज ऐकून त्यांना कळायचं की आता साखर टाकायची, आता भुकटी. ट्रकवाले उतरले की म्हणायचे, "मामा, कडक." आणि बापू पातेल्यातला तासभर उकळत असलेला काळाभोर चहा गाळून द्यायचे. तो पिऊन माणसं डोळे चोळत पुन्हा गाडीवर चढायची. चहा म्हणजे हा, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

लग्न होऊन या घरी आले तेव्हा इथला चहा पाहून मला वाईट वाटलं होतं. दूध-पाणी-साखर एकत्र करून त्यावर नावापुरती भुकटी. घरात सासूबाई होत्या, माझे थोरले दीर, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, आणि दादांची बायको, म्हणजे माझी मोठी जाऊ, आक्का. तिसऱ्या दिवशी मी माझ्या पद्धतीनं चहा केला. आक्कानं पहिला घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं.

"मंगल," ती म्हणाली, "आजपासून चहा तूच करायचा."

मला कोणी शाळेत पहिला नंबर दिला असता तरी एवढा आनंद झाला नसता. त्या दिवसापासून आक्काच्या हातात दिवसातून सहा-सात वेळा माझ्या चहाचा कप असायचा. उठल्या उठल्या उपाशीपोटी एक. भाकरी थापताना एक. जेवणासोबत एक तर लागायचाच, कारण ती भाकरीचा चतकोर चहात बुडवून खायची आणि तेवढ्यावर उठायची. भाजी बाकीच्यांना पुरली पाहिजे, हा तिचा हिशेब. मी म्हणायची, "आक्का, दोन घास भाजी घ्या ना." ती म्हणायची, "तुझ्या चहानं पोट भरतं गं माझं."

मला ते कौतुक वाटलं.

आक्काचं आणि माझं नातं जावाजावांचं कधी वाटलंच नाही. माझं पहिलं बाळंतपण अवघड गेलं. दोन महिने मला उठवत नव्हतं. माझी लेक आक्काच्याच मांडीवर वाढली. तिला न्हाऊ-माखू घालून झोपवायची तीच, आणि सकाळी मला डिंकाचे लाडू भरवायची तीच. बदल्यात मी तिला काय देऊ शकत होते? चहा. आल्याचा, वेलदोड्याचा, पावसाळ्यात गवती चहाच्या पातीचा. ती दमली की चहा, ती रुसली की चहा. तिचं डोकं दुखलं की दोन चमचे जास्त भुकटी.

त्या वर्षी हळद जोरात आली होती. काढणीला बायका बारा-पंधरा असायच्या. पाला कापून झाल्यावर जमीन उकरून गड्डे बाहेर काढायचे, माती झाडायची, गड्डा वेगळा, बाजूची बोटं वेगळी. आक्का सगळ्यांच्या पुढं असायची. पण त्या वर्षी ती मागं राहू लागली. दोन ओळी झाल्या की बांधावर बसायची. विहिरीवरून घागर आणताना मधेच थांबायची, जसं काही कोणाशी बोलायचं राहिलंय. मी विचारलं तर म्हणायची, "वय झालं, दुसरं काय." वय पंचेचाळीस.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती आणि हसण्यावारी नेली होती. आक्काच्या पदराच्या टोकाला गाठ असायची आणि त्या गाठीत कच्चे तांदूळ. काम करताना ती दोन-चार दाणे तोंडात टाकायची आणि कुडुम-कुडुम चावायची. कधी चुलीच्या कडेची भाजकी माती खरवडून खायची. एकदा मी तिला पकडलं. ती लहान लेकरासारखी लाजली.

"काहून खाता आक्का हे?"

"चव लागते गं. काय माहीत. राहावत न्हाई."

"पोटात झाड उगवंल," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो.

आता कळतं. शरीर काहीतरी मागत होतं, आणि काय मागतंय हे ना तिला कळत होतं ना मला. मी तिला चहा देत होते.

हळद शिजवून झाली आणि वाळवण पसरलं. शेताच्या वरच्या अंगाला आमची कडक जमीन आहे. तिथं शिजलेली हळद दहा-पंधरा दिवस उन्हात पडते. त्या दिवशी दुपारी बायका झाडाखाली बसल्या होत्या. मी घरून चहाची किटली भरून आणली होती. आक्का म्हणाली, "दे इकडं, मी वाटते." मी किटली दिली. ती वाळवणाच्या कडेकडेनं चार पावलं गेली, मग थांबली. मला वाटलं चप्पल निसटली असेल. ती हळूच खाली बसली, जसं आपण देवापुढं बसतो तसं, आणि मग एका अंगावर कलंडली. किटली उलटली. पिवळ्या हळदीवर तपकिरी ओघळ पसरत गेला.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. तिचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तिचे ओठ कागदासारखे पांढरे होते. कोणीतरी पाणी मारलं. तिनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "चहा सांडला गं मंगल."

गावातल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच. त्यांनी दादांना बाजूला घेऊन सांगितलं, "रक्त खूप कमी दिसतंय. हिंगोलीला न्या. आजच न्या."

रक्त हा शब्द ऐकला आणि दादा पुढचं न ऐकताच जीप सांगायला धावले. का, ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. सासूबाई रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या होत्या. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी दम लागायचा, मग ओठ पांढरे, मग नांदेडला चकरा, मग एक दिवस चकरा संपल्या. दादांनी ते सगळं जवळून पाहिलं होतं. जीपमध्ये ते आक्काच्या शेजारी बसले होते. तिचा हात त्यांनी धरला नव्हता, आमच्याकडं माणसं चारचौघांत तसं करत नाहीत. पण तिच्या पिशवीचा बंद त्यांनी मुठीत घट्ट धरला होता, हिंगोली येईपर्यंत.

दवाखान्यात तिला भरती करून घेतलं. डॉक्टरबाई होत्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तिचं रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी सांगितली. रिपोर्ट उद्या, असं म्हणून त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. हिमोग्लोबिन मात्र लगेच कळलं. साडेसहा. बाईला बारा तरी पाहिजे म्हणे.

संध्याकाळी व्हरांड्यात दादा भिंतीला टेकून उभे होते. मी पाणी द्यायला गेले.

"मंगल, तू बारावी शिकलेली हायेस," ते म्हणाले. "रक्त एवढं कमी म्हणजे तेच असतंय का?"

"मला काय माहीत दादा. आजून रिपोर्ट यायचेत."

"आईला बी आसंच झालतं." मग म्हणाले, "आन् मी हिला कवा विचारलंच न्हाई, तुला काय तकलीफ हाये म्हणून. ती म्हणली न्हाई, मी विचारलं न्हाई."

समोरच्या टपरीवरून कोणीतरी दोन कप चहा आणून दिला. कनेरगाव नाक्याच्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा चहा गिळवला नाही. हातात कप गार झाला आणि मी तो व्हरांड्यातल्या कुंडीत ओतला.

आक्काला मात्र काहीच वाटत नव्हतं. तिला काळजी वाळवणाची होती. आणि दुसरी तक्रार म्हणजे, "इथला चहा लय पांचट हाये गं. उद्या येताना घरून आण."

मी आणला. सकाळी उठून, सगळ्यात कडक करून, थर्मासमध्ये भरून. सोबत ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी. मला वाटत होतं, कोण जाणे, पुढं काय वाढून ठेवलंय, निदान तिच्या मनासारखा चहा तरी तिला मिळावा. खाटेवर तिला बसवलं, ताट पुढं केलं आणि कपात चहा ओतत होते, तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. त्यांच्या हातात कागद होते. दादा आणि आमचे हे त्यांच्या मागोमाग आत आले.

डॉक्टरबाई कागदाकडं न बघता माझ्या हाताकडं बघत होत्या.

"जेवणासोबत चहा देताय?"

"व्हय," मी म्हणाले. "त्यांना लागतो."

"रोज?"

"रोजच," आक्का म्हणाली. "त्याबिगर घास उतरत न्हाई."

"दिवसातून किती वेळा?"

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, सहा-सात. डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या. डॉक्टर बसला म्हणजे काहीतरी मोठं सांगणार, असं मला वाटलं आणि मी थर्मास खाली ठेवला.

"आधी हे ऐका," त्या दादांकडं बघून म्हणाल्या. "काल तुम्ही मला तुमच्या आईबद्दल सांगितलंत. तो आजार यांना नाही. रक्ताच्या पेशी आम्ही नीट बघून घेतल्या आहेत. यांच्या शरीरात लोह कमी पडलंय. फारच कमी. पण ते भरून येतं."

दादांनी विचारलं, "नक्की?"

"नक्की."

दादा शेजारच्या रिकाम्या खाटेच्या कडेला बसले. टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं, आणि तोंड पुसून झाल्यावरही टोपी तशीच चेहऱ्यावर धरून ठेवली. आमचे हे खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. आक्का सगळ्यांकडं पाहत होती. तिला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं, की आम्ही सगळे कशाला घाबरलो आहोत.

मग डॉक्टरबाईंनी पुरुषांना बाहेर पाठवलं आणि आक्काला विचारलं. पाळी किती दिवस जाते, कपडे किती लागतात. आक्का खाली मान घालून उत्तरं देत होती. वर्षभर झालं होतं, अंगावरून फार जात होतं आणि तिनं मलाही सांगितलं नव्हतं. त्यासाठी गोळ्या दिल्या, सोनोग्राफीत घाबरण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी अचानक विचारलं, "माती, खडू, कच्चे तांदूळ, असं काही खावंसं वाटतं का?"

आक्कानं पदराची गाठ मुठीत लपवली. डॉक्टरबाई हसल्या. "लाजू नका. लोह कमी झालं की असं होतं. पुष्कळ बायकांना होतं."

माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं. मी विचारलं, "डॉक्टरबाई, चहाचं काय म्हणत होता तुमी?"

त्यांनी सांगितलं ते मी आज बांधावर, पाणवठ्यावर, लग्नाच्या मांडवात कितीतरी बायकांना सांगते. चहाच्या पानात एक तुरट पदार्थ असतो. चहाला जी तुरट चव येते, ती त्याचीच. भाकरी, डाळ, पालेभाजी यांच्यातलं लोह पोटात गेलं की हा तुरट पदार्थ त्याला धरून ठेवतो आणि रक्तात जाऊ देत नाही. चहा जितका जास्त उकळाल, तितका तुरटपणा जास्त उतरतो. म्हणून ज्याचं रक्त कमी आहे, त्यानं जेवताना आणि जेवणाआधी-नंतर तासभर चहा टाळायचा.

मी थर्मासचं झाकण लावलं. थर्मास खाटेखाली सरकवला.

"म्हणजे हे मीच केलं," मी म्हणाले. "बारा वर्षं मीच त्यांना पाजते."

"एकट्या चहानं एवढं होत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दर महिन्याला रक्त जात होतं. ताटात भाजी नव्हती. आणि जे थोडं पोटात जात होतं ते चहा अंगी लागू देत नव्हता. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. तुम्ही मायेनं दिलात, त्यात तुमचा काय दोष? आता वेळ बदलून द्या."

आक्का कपाकडं बघत होती. आता तिनं अगदी हळू विचारलं, "मंग चहा सोडू का?"

तिनं ते असं विचारलं, जसं कोणी विचारावं, घर सोडू का.

"सोडायला कोण सांगतंय?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "चहा काही विष नाही. बेतानं घेतला तर चांगलाच. मरगळ जाते, लक्ष लागतं. त्याच्या पानात हृदयाला बऱ्या अशा गोष्टी असतात. आल्यानं मळमळ थांबते. फक्त दिवसाला दोन-तीन कप, साखर कमी, उपाशीपोटी नको, आणि जेवणाच्या जागी तर अजिबात नको. तो जेवण नाही."

तो जेवण नाही. हे वाक्य मी घरी घेऊन आले. आपण सहज म्हणतो, चहानं भूक मरते. किती बायका म्हणतात, सकाळपासून नुसत्या चहावर आहे, आणि त्यात थोडा अभिमानही असतो. भूक मारणारी गोष्ट आपण एकमेकींना आग्रह करून देत असतो, आणि मरते काय ते कोणी पाहत नाही.

आक्काला लोहाची सलाईन लावली. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. जीपमध्ये दादा पुढं बसले आणि सगळ्या वाटेनं ड्रायव्हरशी बोलत राहिले. पाऊसपाण्याचं, हळदीचं, वाटेतल्या पुलाच्या कामाचं, कशाचंही. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मागं आक्का माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती आणि मी तिच्या श्वासाकडं लक्ष देऊन होते. भीती गेल्यावर अंगातली सगळी ताकद निघून जाते, हे मला तेव्हा कळलं. घरी उतरल्यावर मी पहिल्याच पायरीवर बसले. आक्काच म्हणाली, "तुला काय झालं गं?"

पुढचे आठ दिवस मात्र घरात शांतता नव्हती. चहा कमी झाला तसं आक्काचं डोकं दुखू लागलं. ती चिडचिडी झाली. जेवण झालं की दहाव्या मिनिटाला विचारायची, "झाला का तास?" मी म्हणायची, "आजून न्हाई." पुन्हा पाच मिनिटांनी, "आता?" दादा ओसरीवरून म्हणायचे, "तुझा तास लय लवकर व्हतो." शेवटी मी भिंतीवरच्या घड्याळाखाली तिला बसवून काटा दाखवला. ती रुसली आणि त्या दिवशी चहा घेतलाच नाही.

त्याच आठवड्यात बापू तिला बघायला आले. आता हॉटेल नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा ते उठलं, आणि तसंही त्यांचं वय झालं होतं. मी त्यांच्यापुढं कप ठेवला. तो ओठाला लावून त्यांनी खाली ठेवला.

"हा किती वेळ उकळला?"

"तुमी उकळायचा तेवढाच."

"वेडी का काय तू?" बापू म्हणाले. "तो हॉटेलातला चहा. ड्रायव्हरला जागं ठेवायला. तुझ्या मायसाठी मी कवा तसला केला का?"

मी आठवून पाहिलं. खरंच, आईसाठी बापू वेगळं पातेलं ठेवायचे. मी तिथं रोज बसायची, तरी मला ते दिसलं नव्हतं. मुलं जे ठळक असतं तेच उचलतात.

त्या दुपारी बापूंनी मला चहा पहिल्यापासून शिकवला. पाणी नवं घ्यायचं, आधी उकळलेलं पुन्हा नाही. आलं आधी, म्हणजे त्याचा रस उतरतो. पाण्याला खळखळून उकळी आली की भुकटी, माणशी लहान चमचा, वर नाही. एक-दोन उकळ्या, की आच बंद करून झाकण. दोन मिनिटं थांबायचं. दूध वेगळं तापवून घालायचं, आणि केलेला चहा पुन्हा तापवायचा नाही. उरला तर झाडाला. "पान चांगलं असलं तर त्याला मारावं लागत न्हाई," बापू म्हणाले. "आन् काळा चहा, हिरवा चहा, सगळी एकाच झाडाची पानं. कोण कसं वाळवतो त्याच्यावर हाये." हळद पिकवणाऱ्या घरात हे सगळ्यांना बराबर कळलं. आपली हळदसुद्धा शिजवण्यावर आणि वाळवण्यावरच तर ठरते.

आक्कानं तो चहा घेतला. "हलका लागतो," म्हणाली. मग दुसऱ्या घोटानंतर, "पण वास येतोय." माझ्या काळ्या चहाला आल्याचा आणि पानाचा वासच उरलेला नसायचा, हे त्या दिवशी आम्हा दोघींना कळलं.

ताटातही बदल झाला. दादांनी स्वतः सांगितलं, बायका आधी वाढून घेतील, मग आम्ही. पहिल्या दिवशी आक्का ताटावर अवघडून बसली, जणू पाहुण्यांच्या घरी आली आहे. मग सवय झाली. भाकरी, पालेभाजी, वर लिंबू पिळलेलं, कारण लिंबू, पेरू, आवळा यांनी लोह अंगी लागतं असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. सोबत गूळ-शेंगदाणे. गोळी चुकली की माझी लेक आरडाओरडा करायची. पदराची गाठ कधी सुटली ते कोणाला कळलं नाही. एक दिवस धुणं धुताना माझ्या लक्षात आलं की तिच्या पदरात तांदूळ नाहीत. मी तो ओला पदर हातात घेऊन नदीच्या दगडावर बराच वेळ बसले होते.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. साडेअकरा. दादांनी डॉक्टरबाईंना दोनदा विचारलं, किती. दोन्ही वेळा त्यांनी तेच उत्तर दिलं. बाहेर आल्यावर दादांनी रस्त्याकडेच्या गाड्यावरून एक किलो पेरू घेतले आणि तिथंच उभं राहून आक्काच्या हातात एक दिला. चारचौघांत. आक्का इकडं तिकडं पाहत म्हणाली, "घरी गेल्यावर खाते की." पण तिनं तो तिथंच खाल्ला, बियांसकट.

तरीही माझी धास्ती लगेच गेली नाही. गेल्या वर्षी हंगाम आला तेव्हा मी रोज तिच्यावर नजर ठेवून होते. ती बांधावर बसली की मी हातातलं टाकून धावायची. ती वैतागायची. "बसू पण देत न्हाईस का मला?" माणूस बरं झालं तरी त्याच्यासाठी घाबरलेलं मन मागाहून बरं होतं. त्याला कोणती गोळी नसते, फक्त दिवस जावे लागतात.

या वर्षी काढणीला आलेल्या बायकांना चहा मीच नेला. आधी भाकरी खाऊन घ्या म्हणाले, चहा नंतर. त्यांच्यातली एक, सुमन, चार महिन्यांची गरोदर आहे. ती म्हणाली, "काकू, तुमी लय उशिरा देता चहा." मी म्हणाले, "व्हय, उशिराच देते." आणि का ते सांगितलं. ती भाजी खात ऐकत राहिली.

आज आक्का घरी नाही. शिरड शहापूरला तिच्या भावाच्या मुलीचं लग्न आहे, म्हणून चार दिवस आधीच गेली. तीन वर्षं ती माहेरी गेली नव्हती. भावाचं घर मळ्यात आहे, बस थांबते तिथून दीड-दोन किलोमीटर आत, आणि चढ आहे. आधी तिला तेवढं चालवत नव्हतं आणि ती काहीतरी निमित्त सांगून टाळायची. नंतर मीच जाऊ देत नव्हते. यंदा तिनं विचारलंच नाही. पिशवी भरली, दादांना म्हणाली, "मी जाऊन येते," आणि सकाळच्या बसनं गेली.

दुपारी जेवण झालं. भांडी घासली, वाळवणावर एक चक्कर मारून आले. मग एकटीपुरता चहा केला आणि उंबऱ्यावर बसले. घर शांत होतं. वाफेचा वास येत होता. किती वर्षांत मी असा कप हातात घेऊन, कोणाकडं कान न लावता बसले नव्हते.

फोन वाजला. आक्का.

"पोचले गं."

"भाऊ आला होता का न्यायला, मोटरसायकल घेऊन?"

"कुठला. तो गेला मांडवाच्या कामाला. चालतच आले."

"चढावर?"

"चढावरच. मंग काय उडत येऊ?" पलीकडून बायकांचा गलका येत होता. कोणीतरी तिला हाक मारत होतं. "बरं ठेवते. लेकरं बोलवून राहिलीत."

मी बरं म्हणाले. फोन उंबऱ्यावर ठेवला आणि चहा गरम होता तोवर पिऊन टाकला.